लोखंडी वाटा : लेखांक ९
कोणत्या इंजिनात पुन्हा आग घालायची?

नाशिककडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या कसाऱ्याला थांबतात, त्या प्रवाशांसाठी थांबतात असं नाही. घाट चढायला जादा इंजिनं लागतात, ती इथे जोडली जातात. रेल्वेतली माणसं त्यांना ‘बँकर’ म्हणतात. इथून इगतपुरी जेमतेम चौदा-पंधरा किलोमीटर. पण तेवढ्या अंतरात गाडीला सुमारे ३०० मीटर वर जायचं असतं. चढ १:३७, म्हणजे दर ३७ मीटरला १ मीटर. आजच्या विजेच्या दणकट इंजिनालाही तो एकट्याने झेपत नाही. १ जानेवारी १८६५ रोजी हा घाट रेल्वेसाठी खुला झाला, तेव्हा हे काम वाफ करत होती.

घाटाच्या बांधणीवरचे लेख छापून आल्यापासून वाचकांचा एक प्रश्न सारखा येतो आहे : एखादं जुनं वाफेचं इंजिन दुरुस्त करून कसारा-इगतपुरी का चालवत नाहीत? प्रश्न रास्त आहे. पण त्याच्या पोटात दुसरा प्रश्न दडलेला आहे, आणि तोच अवघड आहे. कोणतं इंजिन?

मनात पहिलं नाव येतं ते अर्थातच साहिब, सिंध आणि सुलतानचं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला चौदा डब्यांची गाडी नेणारी ही तीन इंजिनं इंग्लंडातल्या व्हल्कन फाउंड्रीत तयार झाली होती. त्यांतलं एकही आज शिल्लक नाही. घाटासाठी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने मुद्दाम मागवलेली इंजिनंही गेली. त्यांची पाण्याची टाकी बॉयलरच्या पाठीवरच खोगिरासारखी बसवलेली असे. कारण सरळ होतं. चढावर चाकं जागच्या जागी गरगरू नयेत म्हणून त्यांच्यावर वजन हवं. मग पाणी मागच्या वेगळ्या गाड्यावर ओढत नेण्याऐवजी इंजिनाच्याच अंगावर लादलं. मात्र काम संपलं की इंजिन म्हणजे लोखंडाचा भाव, एवढाच त्या काळचा हिशेब होता. जपून ठेवावं असं कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

तेव्हा ‘सगळ्यात पहिलं’ इंजिन दुरुस्त करता येणार नाही. हौस असेल तर त्याची प्रतिकृती करता येईल. त्यात कमीपणा काही नाही. स्टीफन्सनचं १८२९ चं ‘रॉकेट’ इंग्रजांनी संग्रहालयात तसंच थंड ठेवलं आणि चालवायला १९७९ मध्ये नवी प्रतिकृती केली. त्यांचं ‘टोर्नेडो’ तर अख्खं नवं आहे. त्या वर्गाचं एकही इंजिन उरलं नव्हतं, म्हणून लोकांनी वर्गणी काढून जुन्या नकाशांवरून ते घडवलं आणि २००८ मध्ये रुळावर आणलं.

आपल्याकडे वाचलेल्यांत मान ‘फेअरी क्वीन’चा. १८५५ साली लीड्सला तयार झालेलं हे ईस्ट इंडियन रेल्वेचं इंजिन १९०९ मध्ये निवृत्त झालं. काही वर्षं हावड्याला चौथऱ्यावर उभं होतं, मग चंदौसीच्या रेल्वे प्रशिक्षण शाळेत पडून राहिलं. ते वाचलं याचं श्रेय कोणाच्या दूरदृष्टीपेक्षा विस्मरणालाच जास्त द्यावं लागेल. पुढे ते दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आलं, १९९७ मध्ये दुरुस्त होऊन अलवरपर्यंत धावलं आणि नियमित धावणारं जगातलं सर्वांत जुनं वाफेचं इंजिन म्हणून गिनेस बुकात गेलं. हे सगळं कौतुकाचंच. पण कसाऱ्याच्या घाटाला ते निरुपयोगी आहे. त्याला ओढणाऱ्या चाकांची जोडी एकच. सपाटीवर एखादा डबा नेईल, १:३७ वर जागीच चाकं फिरवत बसेल. वय आणि ताकद या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि निवड करणाऱ्यांचा पहिला गोंधळ इथेच होतो.

मग इंजिन निवडताना बघायचं काय? सगळ्यात आधी बॉयलर, त्यातही भट्टी. भट्टी म्हणजे पेटीत पेटी असते. आतल्या पेटीत आग, बाहेरची पेटी तिच्याभोवती, आणि मधल्या चिंचोळ्या फटीत पाणी. वाफेचा दाब या दोन भिंतींना एकमेकींपासून ढकलत असतो, म्हणून त्या शेकडो आडव्या दांड्यांनी जखडलेल्या असतात. या दांड्यांना ‘स्टे’ म्हणतात. तपासणीला आलेला जुना बॉयलरवाला आधी हातोडी काढतो आणि प्रत्येक स्टेच्या डोक्यावर टक्‌ टक्‌ करत जातो. धड स्टे खणखणीत वाजतो, तुटलेला बद्द वाजतो. शिवाय अनेक स्टेच्या टोकाला मुद्दाम एक बारीक भोक पाडलेलं असतं. आत स्टे तडकला की त्या भोकातून पाणी पाझरू लागतं आणि दुखणं बाहेर कळतं. आता अल्ट्रासाउंडने पत्र्याची जाडी मोजता येते, तरी हातोडी सुटलेली नाही.

बॉयलरमधल्या नळ्या सडल्या असतील तर त्यांचं मनाला लावून घ्यायचं नाही, त्या तशाही बदलायच्याच असतात. पण भट्टीचा पत्रा खाल्ला गेला असेल किंवा इंजिनाच्या चौकटीला तडे असतील, तर खर्चाला तळ राहत नाही. इंग्लंडच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाने याचा धडा महागात घेतला. १९२३ चं ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ त्यांनी २००४ मध्ये २३ लाख पौंडांना घेतलं. दुरुस्तीला हात घातल्यावर एकेक दुखणं बाहेर येत गेलं, चौकटीतले तडेसुद्धा. इंजिन रुळावर यायला २०१६ उजाडलं आणि दुरुस्तीवर ४२ लाख पौंड गेले. नाव मोठं होतं म्हणून पैसा उभा राहिला. आपल्याकडच्या एखाद्या अनाम इंजिनाचं काम असं मध्येच अडकलं असतं, तर सुटे केलेले भाग शेडच्या कोपऱ्यात गंजत पडले असते.

याउलट अमेरिकेच्या युनियन पॅसिफिक कंपनीने डोकं शांत ठेवून निवड केली. ‘बिग बॉय’ जातीची २५ अवाढव्य इंजिनं १९४० च्या दशकात तयार झाली, त्यांतली आठ वेगवेगळ्या संग्रहालयांत उरली होती. कंपनीने २०१३ मध्ये त्यांतलं ४०१४ क्रमांकाचं घेतलं. ते सर्वांत गाजलेलं होतं म्हणून नव्हे. ते कॅलिफोर्नियातल्या पोमोनाच्या कोरड्या हवेत उभं होतं आणि तिथल्या मंडळींनी त्याची निगा राखली होती, म्हणून. २०१९ च्या मे महिन्यात ते स्वतःच्या वाफेवर धावलं.

कोरडी हवा हा मुद्दा आपल्याकडच्या माणसाला वेगळा समजावायला नको. कसारा-इगतपुरीचा पाऊस ज्याने काढलाय, त्याला लोखंडाचं काय होतं ते माहीत आहे. आपल्या स्टेशनांबाहेर चौथऱ्यावर ठेवलेली इंजिनं बघा. दरवर्षी काळा रंग, चाकांना पांढरी कड, पितळेला पॉलिश. आणि धुराड्याचं तोंड उघडं! पाऊस थेट धूरपेटीत उतरतो, तळाशी राहिलेल्या जुन्या राखेत मुरतो आणि ती ओली राख पत्रा खात राहते. बॉयलरवरच्या बाहेरच्या आवरणाखाली साचलेलं पाणी तर दिसतही नाही. वरून झळाळणारं इंजिन आतून चाळण झालेलं असू शकतं. धुराड्यावर एक साधं झाकण बसवायला असा किती खर्च येतो?

पुढचा निकष भावंडांचा. ज्या जातीची इंजिनं भरपूर झाली, तिचे सुटे भाग मिळतात, नकाशे मिळतात आणि ती उघडून पुन्हा जोडलेली माणसंही भेटतात. ब्रॉडगेजवर प्रवासी गाड्यांची ‘डब्ल्यूपी’ ७५५ झाली, मालगाड्यांची ‘डब्ल्यूजी’ २,४५० च्या घरात. हरियाणातल्या रेवाडीच्या १८९३ च्या शेडमध्ये आजही अशी इंजिनं पेटवली जातात. तिथलं ‘अकबर’ हे डब्ल्यूपी तर सिनेमातही झळकलेलं आहे. तेव्हा ब्रॉडगेजचं इंजिन जागं करायचंच तर ते याच दोन जातींतलं असावं, आणि माझं मत विचाराल तर डब्ल्यूजी. डब्ल्यूपीचं टोकदार नाक आणि त्यावरचा तारा सगळ्यांनाच भुलवतो, पण देशाचा कोळसा आणि धान्य ओढलं ते डब्ल्यूजीने. तिचे फोटो फारसे कोणी काढले नाहीत.

पण चालवायचं कुठे? कसाऱ्याच्या घाटात तीन मार्ग आहेत आणि तिन्ही भरलेले. गाडीमागे गाडी, त्यात बँकरांची ये-जा. तिथे धापा टाकत चढणारं, मध्येच पाणी मागणारं इंजिन घातलं, तर मागे नाशिकपासून कल्याणपर्यंतचं वेळापत्रक कोलमडेल. बोगद्यांतला धूर आहेच. डोक्यावर २५,००० व्होल्टची तार. काजळी तिच्या चिनीमातीच्या आधारांवर बसली की वीज भलतीकडे उडी मारते, आणि टेंडरवर, म्हणजे इंजिनामागच्या कोळशा-पाण्याच्या गाड्यावर, चढून कोळसा सारणाऱ्या फायरमनच्या जिवाला धोका तो वेगळाच. तेव्हा कसारा-इगतपुरी वाफेची गाडी ही कल्पना मी तरी बाद करतो.

तसं पाहिलं तर या घाटाचं जिवंत आठवणीतलं इंजिन वाफेचं नाहीच. इथे वीज आली १९२९-३० मध्ये. नंतरची कित्येक दशकं इगतपुरीच्या पुढे वाफ होती आणि घाटात वीज. घाटातलं काम केलं स्वित्झर्लंड आणि इंग्लंडात तयार झालेल्या लांब नाकाच्या ‘ईएफ-१’ इंजिनांनी, म्हणजे पुढच्या ‘डब्ल्यूसीजी-१’ने. एकूण ४१ होती. रेल्वेतले लोक त्यांना ‘खेकडा’ म्हणत. घाट उतरताना ब्रेक लावता लावता तीच वीज परत तारेत सोडण्याची सोय त्यांत होती, तीही त्या काळात. खेकडे दोन ठिकाणी बघायला मिळतात, दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आणि वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात. पण ही इंजिनं चालवणं वाफेच्या इंजिनापेक्षाही अवघड. त्यांना लागणारी १,५०० व्होल्टची डीसी वीज आता मुंबईच्या तारांमध्ये उरलेलीच नाही. वाफेच्या इंजिनाला निदान कोळसा-पाणी कुठेही मिळतं.

राहता राहिलं नेरळ. कसाऱ्याच्या माणसाला कल्याणला गाडी बदलली की नेरळ जवळ. दोन फुटी रुळांची माथेरानची गाडी १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने १६ लाख रुपये घालून सुरू केली. चढ १:२०, म्हणजे कसाऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. तिच्यासाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलकडून चार इंजिनं आली. आस पोकळ ठेवून वळणावर चाकांना बाजूला सरकू देण्याची फार हुशार योजना त्यांत होती. ही इंजिनं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत राबली. आज एक दिल्लीला आहे, एक इंग्लंडात पोचलं, बाकीची माथेरान-नेरळला.

नेरळकडे आणखी एक इंजिन आहे. दार्जिलिंगच्या ‘बी’ वर्गाचं ७९४. ते या शतकाच्या सुरुवातीला इकडे आणलं गेलं. रुळांचं अंतर तेच, चढ तसाच, आणि गंमत म्हणजे पाण्याची टाकी पुन्हा बॉयलरच्या पाठीवर.

भावनेचा कौल माथेरानच्या मूळ जर्मन इंजिनाला जाईल. मी तो देणार नाही. इंजिन चालवायचं म्हणजे झिजवायचं. भट्टी बदलेल, नळ्या बदलतील, आस नव्याने कातले जातील, आणि १९०७ च्या कारागिराच्या हाताची खूण दर दुरुस्तीला थोडी थोडी भंगारात जाईल. जगात मोजून चार असलेल्या वस्तूचं असं करू नये. बी वर्गाचं तसं नाही. १८८९ पासून अशी ३४ इंजिनं तयार झाली, दार्जिलिंगला त्यांतली काही अजून रोज पेटतात, आणि तिनधारियाच्या कारखान्यात त्यांची नाडी ओळखणारे हात आहेत. बॉयलरचीही चिंता नको. तामिळनाडूतल्या गोल्डन रॉक कारखान्याने निलगिरीसाठी या शतकात वाफेची नवी इंजिनं घडवली आहेत, २०२१ मध्ये तर कोळशावर चालणारंही. माथेरानच्या जंगलात ठिणग्या नकोत, हे खरं. निलगिरीवर तेलावर चालणारी इंजिनं आहेतच, तीच युक्ती इथे वापरावी.

तर माझा निकाल असा : ७९४ चालवा, जर्मन इंजिनं छपराखाली कोरडी ठेवा आणि त्यांच्या धुराड्यांवर झाकणं बसवा. एकतानगर-अहमदाबाद मार्गावर २०२३ पासून धावते तशी, विजेच्या इंजिनावर वाफेच्या इंजिनाचं सोंग चढवलेली गाडी मात्र इकडे नको.

एक काम वाचकांनी करायचं आहे. ब्रॉडगेजवरची शेवटची वाफेची प्रवासी गाडी ६ डिसेंबर १९९५ ला जालंधरहून फिरोजपूरला गेली. तेव्हा विशीत असलेला फायरमनही आता पन्नाशी ओलांडून निवृत्तीकडे चालला आहे. आपल्या महाराष्ट्रात तर वाफेच्या शेड त्याआधीच बंद पडत गेल्या. इगतपुरी, मनमाड, भुसावळ, कुर्डुवाडीच्या शेडमध्ये काम केलेलं कोणी तुमच्या घरात, आळीत असेल, तर त्यांच्याजवळ बसा. थंड इंजिन पेटवायला आधी काय करायचे, फावडं कोणत्या कोपऱ्यात मारायचे, चढावर पाण्याची काच कशी वाचायचे, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या किंवा फोनवर रेकॉर्ड करा. जुन्या वह्या, फोटो असतील तर आमच्याकडे पाठवा. जपून परत करू. पुढच्या आठवड्यात घाट उतरणाऱ्या गाड्यांचे ब्रेक.