मध्यरेषेवरच्या गावातून पाहिलेलं आयुका

वाशिममध्ये मध्यमेश्वराचं देऊळ आहे. पृथ्वीची मध्यरेषा इथून जाते, असं आमच्याकडे प्रत्येकाला लहानपणी सांगितलं जातं, आणि शाळेत ग्रिनिच शिकलं की प्रत्येकजण ते सोडूनही देतो. मीही सोडलं होतं. पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं, की ही नुसती देवळाची आख्यायिका नाही. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराने ‘महाभास्करीय’ ग्रंथात लंकेपासून मेरूपर्यंतच्या रेषेवरची ठिकाणं सांगितली आहेत. त्या यादीत अवंतीच्या, म्हणजे उज्जैनच्या, आधी वत्सगुल्माचं नाव येतं. वत्सगुल्म म्हणजे वाकाटकांची राजधानी, आमचं वाशिम. आजच्या नकाशात वाशिम उज्जैनच्या पूर्वेला जवळपास १.४ अंश आहे. त्या काळच्या साधनांनी रेखांश काढणं किती अवघड होतं हे लक्षात घेतलं, तर एवढ्या फरकाने त्या माणसांविषयीचा आदर कमी होत नाही.

हे सगळं डोक्यात होतं म्हणून विज्ञान दिनाला मुलांना घेऊन पुण्याला जायचं ठरलं, तेव्हा मी सगळ्यात आधी ‘आयुका’चं नाव लिहिलं. मी चित्रकला शिकवतो. खगोलशास्त्र माझा विषय नाही. पण तोल, लय, पोत, अक्ष, पोकळी हे शब्द फळ्यावर लिहून मुलांना काही कळत नाही, हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे. हे शब्द जिथे दगडात पाहायला मिळतात अशी जागा मला दाखवायची होती.

आयुका म्हणजे आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र. विद्यापीठ अनुदान आयोगाने ते १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात सुरू केलं. डॉ. जयंत नारळीकर त्याचे संस्थापक संचालक आणि चार्ल्स कोरिया वास्तुरचनाकार. विद्यापीठाची ओळख असलेली जुनी इमारत, गणेशखिंडीतलं गव्हर्नरचं निवासस्थान, जेम्स ट्रबशॉ यांनी १८६०च्या दशकात आखली. तिचा मनोरा लांबून दिसावा म्हणूनच उभा आहे. राज्य करणाऱ्याची इमारत स्वतःला दाखवते. कोरियांनी त्याच आवारात याच्या उलट केलं. आयुका बाहेरून जवळपास काहीच दाखवत नाही. रस्त्यावरून दिसते ती एक काळी भिंत.

त्या भिंतीपाशी मी मुलांना चांगली दहा मिनिटं थांबवलं. तिच्यात काळ्याच्या तीन जाती आहेत. खाली आपला नेहमीचा काळा दगड, सह्याद्रीचा बेसाल्ट, खडबडीत. त्याच्या वर कडप्पा, अधिक काळा आणि सपाट. सगळ्यात वर घोटून चकाकी आणलेला काळा ग्रॅनाइट. खालच्या दगडावर हात फिरवला तर तळवा खरखरतो. नजर वर नेली तर ग्रॅनाइटमध्ये ढग सरकताना दिसतात, आणि भिंत नेमकी कुठे संपली आणि आकाश कुठे सुरू झालं ते क्षणभर कळत नाही. अंतराळाचा काळोख कोरियांनी असा थर चढवत आणला आहे. पोत हा शब्द मी त्या दिवशी उच्चारलाही नाही. मुलांनी तो तळहातांनी शिकून घेतला.

आत गेल्यावर कुंड लागतं. देवळापुढे असतं तसं चौकोनी, पायऱ्यांनी खाली उतरणारं, वरून मोकळं. कोरियांच्या कामात ‘आकाशाला मोकळी असलेली जागा’ पुन्हा पुन्हा येते. आपल्या हवेत माणसाला पूर्ण बंद खोली लागत नाही. पडवी, ओसरी, अंगण, गच्ची अशा पायऱ्यांनी तो आतून बाहेर येतो, हे त्यांनी आयुष्यभर मांडलं. याच सुमारास जयपूरला त्यांचं जवाहर कला केंद्र उभं राहत होतं. तिथे नवग्रहांचे नऊ चौकोन आहेत आणि त्यातला एक जागेवरून सरकवलेला आहे. पुण्यात त्यांनी मधला चौकोन रिकामा ठेवला आणि संस्थेचा सगळा जीव त्या रिकाम्या जागेत ठेवला.

वाशिमच्या मुलांना कुंड समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे पद्मतीर्थ आहे, बालाजीच्या देवळाजवळ देवतळं आहे. भवानी काळूंनी अठराव्या शतकात ते देऊळ बांधलं, तेव्हा पायऱ्या नुसत्या पाण्यापर्यंत जाण्यासाठी नव्हत्या. बसायला, बोलायला, वाट पाहायला त्याच पायऱ्या होत्या. आयुकाच्या कुंडात पाणी नाही, पण पायऱ्यांचं काम तेच आहे. देशभरातल्या विद्यापीठांतले अभ्यासक इथे येतात, आणि व्याख्यानात जे विचारायचं राहून जातं ते बाहेर पायरीवर बसून विचारलं जातं. नारळीकरांचं तरुणपण केंब्रिजच्या कॉलेजांतल्या चौकांमध्ये गेलं होतं. मोकळ्या चौकात चाललेल्या गप्पांमधून विज्ञान कसं पुढे सरकतं, हे त्यांना पुस्तकातून कळायची गरज नव्हती.

कुंडाच्या मध्यापासून दगड बाहेर फेकल्यासारखे विखुरलेले आहेत. प्रसरण पावणारं विश्व. नारळीकरांनी महास्फोटाचा सिद्धांत कधी स्वीकारला नाही, फ्रेड हॉइल यांच्याबरोबर ते वेगळ्या वाटेने गेले. पण विश्व पसरतं आहे यावर दोन्ही बाजूंचं एकमत होतं, त्यामुळे त्या दगडांवर कुणाचा आक्षेप असायचं कारण नव्हतं. चार कोपऱ्यांत चार पुतळे आहेत: आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइनस्टाइन. आर्यभटाचा चेहरा कसा होता कुणालाच माहीत नाही, त्यामुळे तो शिल्पकाराच्या मनातला आहे. न्यूटनच्या घरच्या सफरचंदाच्या झाडाचा वंशजही इथे वाढवून पाहिला गेला. त्याला फळं धरली, पण पुण्याची हवा त्याला मानवली नाही. मला या चौघांच्या मांडणीत आवडतं ते हे, की कुणीही मध्यभागी नाही. मधली जागा प्रश्नासाठी सोडलेली आहे.

आता एक तक्रार, आणि ती मनापासून आहे. दुपारी बारा वाजता त्या कुंडात बसवत नाही. काळा दगड तापतो आणि सावली पुरेशी नाही. आतल्या अंगणांत सिरपिन्स्कीच्या त्रिकोणांची आकृती आहे, त्रिकोणाच्या पोटात त्रिकोण, त्याच्या पोटात आणखी लहान. दुसरीकडे रोश लोबची आकृती आहे, एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांच्या गुरुत्वाची हद्द दाखवणारी, इंग्रजी आठसारखी. सांगणारं कुणी बरोबर नसेल तर पाहुण्याला ती छान राखलेली हिरवळ वाटते. काळी भिंत न सांगता बोलते, या आकृत्या बोलत नाहीत. माझ्या मते कल्पना अंगाला जाणवते तिथेच रचना पूर्ण होते. ज्यासाठी आधी धडा वाचावा लागतो, तिथे ती अर्धी राहते.

फुकोचा लंबक मात्र पुरता बोलतो. लांब तारेला टांगलेला जड गोळा संथपणे झुलत असतो. फुकोने १८५१ मध्ये पॅरिसला हा प्रयोग केला आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे खोलीच्या आत बसून दाखवून दिलं. झोक्याची दिशा हळूहळू वळताना दिसते, पण खरं तर खालची जमीन वळत असते. ध्रुवावर हा फेरा एका दिवसात पुरा होईल, विषुववृत्तावर कधीच होणार नाही. पुण्याच्या अक्षांशावर त्याला सुमारे ७५ तास लागतात. मी वहीत गणित करून पाहिलं, वाशिम थोडं उत्तरेला असल्याने तिथे जवळपास ७० तास लागतील. सातवीतली एक मुलगी गोळ्याकडे टक लावून बसली होती. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, “सर, हे फिरून राह्यलं का आपण फिरून राह्यलो?”

हा प्रश्न बाहेर कोपऱ्यात उभ्या असलेल्या आर्यभटाचा आहे. नावेत बसलेल्याला काठावरची झाडं मागे जाताना दिसतात तसे स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात, असं त्याने ४९९च्या सुमारास लिहिलं. आपल्या यादीत वत्सगुल्माचं नाव घेणारा भास्कर हा त्याच आर्यभटाचा भाष्यकार. मी मुलीला पुन्हा कुंडात नेलं आणि पुतळ्यासमोर उभं करून हे सगळं सांगितलं. वाशिमचं नाव ऐकल्यावर ती पुतळ्याकडे ज्या ओळखीने बघायला लागली, ते मी विसरणार नाही.

निघताना आम्ही ‘पुलस्त्य’ पाहिलं. मुलांसाठीची ही विज्ञान शोधिका पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून उभी राहिली. पुलस्त्य हा सप्तर्षींमधला एक तारा, आणि त्याच्या नावाची पहिली दोन अक्षरं तुम्हाला दिसलीच असतील. इमारतीला नाव द्यावं तर असं.

परतीच्या ट्रॅव्हल्समध्ये मला झोप लागली नाही. मी ज्या इमारतींमध्ये शिकलो आणि शिकवलं, त्या सगळ्या एकाच साच्यातल्या: एका ओळीत खोल्या, पुढे व्हरांडा, मे महिन्यात भट्टी होणारा स्लॅब. कोणती बाजू उत्तरेला आहे हे बांधताना कुणी पाहिलेलं दिसत नाही. आयुकासाठी कोरिया लागतात हे खरं. पण दिशा ओळखायला एक काठी पुरते. शुल्बसूत्रांत वेदी मांडण्याआधीची रीत दिलेली आहे. सपाट जमिनीवर काठी उभी रोवायची, तिच्याभोवती दोरीने वर्तुळ काढायचं. सकाळी आणि दुपारी सावलीचं टोक जिथे वर्तुळाला शिवेल तिथे खुणा करायच्या. दोन खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम, तिला काटकोनात काढलेली उत्तर-दक्षिण.

सोमवारी आम्ही मैदानात ती काठी रोवली. पहिल्या दिवशी दुपारी ढग आले आणि दुसरी खूण हुकली. दुसऱ्या दिवशी जमलं. काटकोनातली रेषा निघाल्यावर दिसलं, की शाळेची इमारत तिच्याशी चांगलीच तिरपी आहे. मुलांनी ती रेषा चुन्याने पक्की केली आणि तिला मध्यमेश्वराचं नाव दिलं. पावसाळ्यात चुना वाहून जाईल, म्हणून तिथे काळ्या दगडाची पट्टी बसवायची असं वर्गाने ठरवलं आहे. खडबडीत दगड लावायचा की घोटलेला, यावर अजून वाद चालू आहे.