नावेचा खरा वेग कोणता?

दहावीच्या बीजगणितात नावेचे गणित आले की वर्गात एक ठरावीक शांतता पसरते. ‘एक नाव प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने इतके अंतर इतक्या वेळात जाते, प्रवाहाच्या दिशेने तितके अंतर तितक्या वेळात जाते, तर नावेचा संथ पाण्यातील वेग व प्रवाहाचा वेग काढा.’ संथ पाण्यातील वेग क्ष, प्रवाहाचा वेग य, दोन समीकरणे, बेरीज, वजाबाकी आणि उत्तर. गुण मिळतात, पण नाव मात्र मुलांच्या डोळ्यांसमोर तरंगत नाही.

आम्ही महालातले काही शिक्षक अधूनमधून एकत्र बसून अशा गणितांवर बोलतो. एकदा एका मुलीने विचारलेला प्रश्न आमच्यापुढे आला. ती म्हणाली, “सर, नावेत बसून मोबाइलवरच्या जी.पी.एस.ने वेग पाहिला, तर तो क्ष दिसेल की क्ष अधिक य?” प्रश्न साधा, पण त्याच्या उत्तरात सापेक्ष वेग, उपग्रह, स्वयंनियंत्रण आणि थोडीशी जीवनमरणाची बाबही दडलेली आहे. तो सोडवण्यासाठी आम्ही एक विशेष नाव निवडली. तिला पाण्याखाली पंखा नाही, आणि तिचा वेग चालक नव्हे तर जी.पी.एस.वर चालणारे यंत्र सांभाळते. ती म्हणजे जी.पी.एस. वेगनियंत्रक बसवलेली जेट बोट.

पाणी मागे, बोट पुढे

नेहमीच्या यांत्रिक नावेला तळाखाली फिरता पंखा असतो. उथळ पाण्यात तो दगडगोट्यांवर आपटतो. न्यूझीलंडमधील विल्यम हॅमिल्टन यांना तिथल्या उथळ, खळाळत्या नद्यांतून नाव न्यायची होती. त्यांनी १९५० च्या दशकात जेट बोट उपयोगात आणली. या बोटीच्या तळाला जाळी लावलेले एक तोंड असते. आतला पंखा त्यातून पाणी ओढून घेतो आणि मागच्या अरुंद नळीतून जोराच्या झोताने बाहेर फेकतो. पाणी मागे ढकलले जाते, बोट पुढे जाते. न्यूटनचा तिसरा नियम शिकवताना फुग्याच्या जोडीला हे उदाहरण जरूर द्यावे. १९७७ मध्ये एडमंड हिलरी यांनी अशाच जेट बोटींतून गंगेच्या मुखापासून उगमाच्या दिशेने प्रवास केला. थेट हिमालयात, नंदप्रयागजवळच्या धबधब्याने त्यांची वाट अडवली.

या बोटीची एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवावी, कारण पुढे तिचे काम पडणार आहे. जेट बोटीला सुकाणू नसते. मागची नळी डावी-उजवीकडे वळवून झोताची दिशा बदलली की बोट वळते. म्हणजे झोत असेल तरच वळण. इंजिन मंद केले, झोत क्षीण झाला, की चाक कितीही फिरवा, बोट जवळजवळ ऐकतच नाही.

वेग मोजायचा कसा?

जुनी रीत पाण्यावरच वेग मोजण्याची. १७३२ साली आंरी पितो या फ्रेंच अभियंत्याने सेन नदीत वाकवलेली नळी धरून, नळीत पाणी किती वर चढते यावरून प्रवाहाचा वेग काढला. पितो नळीचे हेच तत्त्व नावांना आणि पुढे विमानांनाही लागू झाले. दुसरी रीत म्हणजे तळाशी लावलेले लहानसे चक्र. पाण्याने ते जितके जोरात फिरेल तितका वेग जास्त. दोन्ही साधनांची अडचण एकच: ती पाण्यात असतात. वेगाने जाणाऱ्या बोटीखाली पाण्यात हवेचे बुडबुडे मिसळतात, चक्रात गवत अडकते, नळी गाळाने बुजते. आपल्याकडच्या तलावांतली जलपर्णी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

जी.पी.एस. पाण्याला हातच लावत नाही. त्याचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांच्या एका प्रमुख रेडिओ लहरीची वारंवारिता १५७५.४२ मेगाहर्ट्‌झ, म्हणजे तरंगलांबी सुमारे १९ सेंटिमीटर. रेल्वेगाडी जवळ येताना शिट्टी चढी ऐकू येते आणि दूर जाताना उतरते, तो डॉप्लर परिणाम. तोच इथे कामी येतो. आपली बोट सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर वेगाने नेमकी उपग्रहाच्या रोखाने गेली, तर दर सेकंदाला १० ÷ ०.१९, म्हणजे सुमारे ५३ लहरी जास्त भेटतील. उपग्रहाच्या स्वतःच्या वेगामुळे होणारा बदल याहून कितीतरी मोठा असतो. पण उपग्रह आपल्या कक्षेची माहिती स्वतःच पाठवत असल्याने तो हिशेबातून वजा करता येतो.

इथे मुलांना बीजगणिताची आठवण द्यावी. वेगाचे तीन दिशांतले तीन घटक अज्ञात, आणि ग्राहकातले घड्याळ किती चुकते हा चौथा अज्ञात. चार अज्ञातांना चार समीकरणे हवीत, म्हणून किमान चार उपग्रह दिसायला हवेत. एकसामयिक समीकरणे केवळ परीक्षेपुरती नसतात, ती अशी!

पुष्कळांना वाटते की जी.पी.एस. एका सेकंदापूर्वीची जागा आणि आताची जागा यांची वजाबाकी करून वेग काढते. जागेत काही मीटरची चूक सहज असू शकते. त्यामुळे ही रीत ढोबळ ठरते. २ मे २००० पर्यंत तर अमेरिका सामान्य वापराच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे आणि जागा शंभर मीटरपर्यंत हुकत असे. डॉप्लरवरून काढलेला वेग मात्र मोकळ्या आकाशाखाली सेकंदाला काही सेंटिमीटरपर्यंत बरोबर येऊ शकतो.

कूलरची टाकी आणि बोटीचे इंजिन

वेग कळला, आता तो राखायचा. नागपुरात उन्हाळ्याला कूलर आणि कूलरला तरंगता बॉल असलेला कॉक. टाकीतले पाणी कमी झाले की बॉल खाली जातो, तोटी उघडते. पाणी वर आले की तोटी बंद. परिणामाची खबर पुन्हा कारणाकडे पोचवायची, या युक्तीला फीडबॅक म्हणतात. वेगनियंत्रक हेच करतो. हवा असलेला वेग आणि जी.पी.एस.ने सांगितलेला वेग यांतला फरक काढतो आणि त्याप्रमाणे इंजिनाचा थ्रॉटल कमीजास्त करतो.

पण किती कमीजास्त? हे फळ्यावर करून पाहण्यासारखे आहे. समजा, बोट रिकामी असताना ५० टक्के थ्रॉटलला ३६ किलोमीटर वेगाने जाते. माणसे बसली आणि वेग ३० वर आला. भरलेल्या बोटीचा वेग थ्रॉटलच्या ०.६ पट धरू. (आकडे आमच्या कल्पनेतले, सोपे जावे म्हणून.) आता नियम करू: दर सेकंदाला वेगात जितक्या किलोमीटरची तूट, तितके टक्के थ्रॉटल वाढवायचे. तूट ६, म्हणून थ्रॉटल ५६, वेग ३३.६. तूट २.४, थ्रॉटल ५८.४, वेग सुमारे ३५. मग ३५.६. बोट शहाण्यासारखी ३६ जवळ येते.

आता नियंत्रक उतावीळ करू. तुटीच्या चौपट थ्रॉटल बदलू. तूट ६, थ्रॉटल ७४, वेग ४४.४. जास्त झाला! थ्रॉटल ४०.४, वेग २४.२. आता तूट ११.८, थ्रॉटल ८७.४, वेग ५२.५. सुधारणा करू गेलो आणि चूक वाढतच गेली. तुटीच्या तिप्पट घेतले तर काय होते, अर्ध्या पटीने घेतले तर काय, हे मुलांना करू द्यावे. घाईने केलेली दुरुस्ती मूळ दोषापेक्षा वाईट असू शकते, ही समज बोटीपुरती नाही.

प्रत्यक्षात आणखी एक अडचण असते: उशीर. थ्रॉटल वाढवल्यावर जड बोटीला वेग घ्यायला वेळ लागतो, आणि जी.पी.एस.ची खबरही ठरावीक अंतराने येते. म्हणून चांगल्या नियंत्रकात त्वरण मोजणारा लहान भागही असतो. दोन खबरांच्या मधल्या काळात काय घडते आहे ते तो सांगतो.

बसवताना

जोडणीत पाच भाग येतात. पहिला जी.पी.एस.चा अँटेना. त्याला वर मोकळे आकाश हवे, पत्र्याच्या छपराखाली तो आंधळा होतो. दुसरा नियंत्रकाची पेटी, तिला बॅटरीतून फ्यूजमार्गे वीज. तिसरा थ्रॉटलची तार ओढणारी लहान मोटर. ज्या इंजिनात थ्रॉटल विजेच्या संदेशावर चालते तिथे तिची गरज नसते. चौथी इंजिनाच्या फेऱ्यांची खबर देणारी तार. पाचवा चालकासमोरचा फलक.

चौथा भाग काहींना अनावश्यक वाटेल. वेग जी.पी.एस. सांगते, मग फेऱ्या कशाला मोजायच्या? समजा, जेटच्या जाळीवर जलपर्णी अडकली. पाणी आत येईना, झोत पडेना, वेग घटला. बिचाऱ्या नियंत्रकाला फक्त वेगाची तूट दिसते. तो थ्रॉटल वाढवतो, आणखी वाढवतो, आणि पाण्याविना इंजिन भणाणते. म्हणून फेऱ्यांना वरची मर्यादा घालणे आवश्यक असते. त्याचप्रमाणे चालकाने दांडा मागे ओढताच नियंत्रण तत्काळ माणसाच्या हाती आले पाहिजे. चालक पाण्यात पडला तर इंजिन बंद करणारी, त्याच्या अंगाला बांधायची दोरी तर हवीच. पहिली चाचणी मोकळ्या, खोल, निर्मनुष्य पाण्यात, कमी वेगाने घ्यावी.

या यंत्रांना मोठी मागणी पाण्यावरच्या स्कीच्या खेळामुळे आली. स्लॅलम प्रकारात बोट २५९ मीटरच्या मार्गातून सरळ जाते आणि दोरीला धरलेला खेळाडू सहा तरंगत्या खुणांना वळसे घालतो. ताशी ५८ किलोमीटर वेगाला हे अंतर १६.०८ सेकंदांत कापले जाते. खेळाडू प्रत्येक वळणावर बोटीला मागे खेचतो, तरी वेग ढळता कामा नये. खुणा तळाशी बांधलेल्या, म्हणजे जमिनीला स्थिर. म्हणून इथे जमिनीच्या सापेक्ष वेगच हवा, आणि जी.पी.एस. तोच देते.

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर

तर उत्तर असे: जी.पी.एस. क्ष कधीच दाखवत नाही. प्रवाहाबरोबर जाताना क्ष अधिक य, विरुद्ध जाताना क्ष उणे य. पाणी संथ असेल तेव्हाच क्ष.

आता पुस्तकातले गणित पुन्हा मांडू. नदी वैनगंगा घ्या, प्रवाह ताशी ६ किलोमीटर, अंतर २१ किलोमीटर. पाण्यातला वेग ३६ ठेवणारी बोट वर जाताना ३० च्या वेगाने ४२ मिनिटे घेईल आणि येताना ४२ च्या वेगाने ३० मिनिटे. एकूण ७२. जी.पी.एस. नियंत्रक ३६ वर लावला तर जाताना ३५, येताना ३५, एकूण ७० मिनिटे. वेळ दोन्हीकडे सारखाच, पण इंजिनाचे कष्ट सारखे नाहीत. वर जाताना पाण्याशी ४२ च्या वेगाने झुंजायचे, उतरताना केवळ ३० च्या. फरक घड्याळातून निघून इंधनाच्या टाकीत गेला!

आणि आता ती जीवनमरणाची बाब. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात मुसळधार पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी वस्त्यांत शिरले आणि बचाव पथकांनी बोटींतून लोकांना बाहेर काढले. ज्या नाल्याला आपण एरवी नदी म्हणायला कचरतो, तिचा जोर त्या दिवशी शहराने पाहिला. अशा पुरात ताशी १० किलोमीटर वेगाने वाहणाऱ्या पाण्याबरोबर एक जेट बोट उतरते आहे अशी कल्पना करा. चालकाने सावधगिरी म्हणून नियंत्रक ताशी १० किलोमीटरवर लावला. जी.पी.एस. म्हणते, वेग बरोबर १०. नियंत्रक म्हणतो, मला काही करायला नको. इंजिन मंद, झोत नाही. फलकावरचा आकडा अचूक, आणि बोट मात्र ओंडक्यासारखी वाहत चाललेली, कारण पाण्याच्या सापेक्ष तिचा वेग शून्य. समोर पुलाचा खांब आला तर चाक फिरवून उपयोग नाही. यंत्राने चूक केलेली नाही. चुकीच्या वेगाचा प्रश्न विचारला गेला, इतकेच. म्हणून पुरात, वळणात, गर्दीच्या पाण्यात नियंत्रक बंद ठेवून थ्रॉटल माणसाच्या हातीच हवा.

म्हणजे ‘खरा वेग’ असा एकच नसतो. वेळेत पोचायचे असेल तर जमिनीच्या सापेक्ष वेग पाहावा, बोट वळवायची असेल तर पाण्याच्या.

वर्गात करून पाहा

१. जमिनीवर घोटीव कागदाची लांब पट्टी पसरा. तिच्यावर चावीची मोटार सोडा आणि एका विद्यार्थ्याला पट्टी सावकाश ओढायला सांगा. कागदावर आणि फरशीवर, दोन्हीकडे खुणा करून तेवढ्याच सेकंदांतली दोन अंतरे मोजा. कागद म्हणजे पाणी, फरशी म्हणजे काठ.

२. गांधीसागर तलावाच्या काठाने मोठ्यांच्या सोबतीने मोबाइल घेऊन चाला. शंभर मीटर अंतर टेपने मोजून घड्याळाने वेग काढा आणि जी.पी.एस.च्या वेगाशी ताडून पाहा. मग महालातल्या एखाद्या अरुंद बोळात हाच प्रयोग करा. भिंतींवरून परावर्तित होऊन आलेल्या लहरी आकड्यांत काय गोंधळ घालतात, ते दिसेल.

३. एक विद्यार्थी ‘बोट’, दुसरा ‘नियंत्रक’. बोट वेग सांगेल, नियंत्रक थ्रॉटल. मग नियंत्रकाला खबर एक पाळी उशिरा द्या. शहाणा नियंत्रकही डगमगू लागतो का, ते पाहा.

त्या मुलीचे उत्तर तिला मिळाले. मग तिने दुसरा प्रश्न विचारला, “बोटीत एकाच वेळी जी.पी.एस. आणि पाण्यातले चक्र दोन्ही बसवले, तर काय कळेल?” आम्ही गप्प राहिलो, कारण वर्गातले दोन-तीन हात वर आले होते. दोन आकड्यांची वजाबाकी करा, प्रवाहाचा वेग मिळतो. पुस्तकातला य सापडला होता, आणि यावेळी नाव खरोखर तरंगत होती.