एका गुणाने हरली, एका गुणानेच जिंकली!



पहिल्या दिवाळीला फराळाचा स्टॉल लावला, निम्मा माल उरला आणि "धंदा आपल्याला जमायचा नाही" म्हणत विषयच संपवला. असं तुमचंही झालंय का? मग आज पानिपाक वोंगपट्टनाकिटची गोष्ट वाचा.

पानिपाक थायलंडच्या सुरत थानीची. खेळ तायक्वांदो. २०१५ मध्ये, वयाच्या १७व्या वर्षी ती जगज्जेती झाली. साहजिकच २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ४९ किलो गटात तिच्याकडून मोठी अपेक्षा होती. पण उपांत्यपूर्व फेरीत कोरियाच्या किम सो-हुईने तिला ६-५ असं हरवलं. फक्त एका गुणाने!

इथे एक नियम बघा. तुम्हाला हरवणारी खेळाडू अंतिम फेरीत पोहोचली, तर तुम्हाला कांस्यपदकासाठी पुन्हा खेळता येतं. किम अंतिम फेरीत गेली. पानिपाक रडत बसली असती, तर ही संधी वाया गेली असती. ती पुन्हा उतरली आणि कांस्य घेऊन घरी आली.

मग टोकियो. अंतिम सामन्यात समोर स्पेनची १७ वर्षांची आद्रियाना सेरेसो. शेवटचे काही सेकंद उरले होते आणि पानिपाक ९-१० अशी मागे होती. आता हिशोब ऐका: ठोशाला १ गुण, अंगावरच्या किकला २, डोक्यावरच्या किकला ३. ठोशाने नुसती बरोबरी झाली असती. तिने अंगावर किक मारली. ११-१०! तायक्वांदोमधलं थायलंडचं पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण.

तुमच्या धंद्यात कुठला माल किती नफा देतो, हे तोंडपाठ आहे का? महिनाअखेर घाई होते, तेव्हा हाच हिशोब कामाला येतो.

२०२४च्या पॅरिसपर्यंत नियम बदलले होते. आता तीनपैकी दोन फेऱ्या जिंकायच्या आणि प्रत्येक फेरी शून्यापासून. चीनच्या गुओ छिंगविरुद्ध ती एक फेरी हरली, तरी सामना २-१ने जिंकला. दोन ऑलिम्पिक सुवर्णं मिळवणारी ती पहिली थाई खेळाडू ठरली. तिन्ही ऑलिम्पिकला प्रशिक्षक एकच, चोई यंग-सोक. हरल्यावर तिने गुरू बदलला नाही, तयारी वाढवली.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. धंद्यात फेरी शून्यापासून सुरू होत नाही, मागची उधारी पुढच्या महिन्यात येतेच. म्हणून नुसती जिद्द पुरत नाही, वहीही लागते.

आजचं काम: मागच्या अपयशात नेमकं किती रुपयांनी आणि कशामुळे कमी पडलात, ते एका ओळीत लिहा. "धंदा बुडाला" असं नको, आकडा हवा. कदाचित तुम्हीही एका गुणानेच हरला असाल.

भेटू पुढच्या व्हिडिओत!