नेमबाजाची आवडती भरणी

बंदुकीचें काडतूस ही दुकानांतून विकत आणावयाची वस्तु आहे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. अमेरिकेंत मात्र पुष्कळ नेमबाज आपलीं काडतुसें घरीं मेजाशीं बसून स्वतःच्या हातांनीं भरतात. आपल्याकडे घरोघरच्या गोड्या मसाल्याचें प्रमाण निराळें आणि प्रत्येक घरास आपलेंच प्रमाण उत्तम वाटतें. तसाच कांहींसा प्रकार या मंडळींचा आहे. कोणाची आवडती भरणी कोणती, यावर तेथील नेमबाज तासन् तास बोलूं शकतात. ही आवड कशावरून ठरते, आणि ती ठरविण्याची जी रूढ रीत आहे तिच्यावर कितपत विसंबावें, एवढाच विचार आज करावयाचा आहे. आपल्या देशांत १९५९ च्या शस्त्र कायद्यामुळें परवान्यावांचून काडतुसें तयार करतां येत नाहींत. तेव्हां हा विषय कृतीचा नसून विचाराचा आहे, असें समजून तो ऐकावा.

उदाहरणासाठीं आपण पंचेचाळीस बोअरचें, म्हणजे सुमारें ०.४५ इंच व्यासाची गोळी सोडणारें पिस्तूल घेऊं. जॉन ब्राउनिंग या प्रसिद्ध शस्त्रकारानें तें रचलें आणि अमेरिकन सैन्यानें १९११ सालीं स्वीकारलें. त्याच्या सैनिकी काडतुसांतील गोळीचें वजन २३० ग्रेन. एक तोळा म्हणजे १८० ग्रेन, हें जुन्या मंडळींस आठवत असेल. त्या हिशेबानें ही गोळी सव्वा तोळ्याहून किंचित् अधिक भरते. युद्धासाठीं घडविलेलें हें हत्यार पुढें कागदी लक्ष्यावर नेम साधण्याच्या खेळांत रुळलें. ओहायो राज्यांत ईरी सरोवराच्या कांठीं कॅम्प पेरी म्हणून ठिकाण आहे. तेथें राष्ट्रीय सामने १९०७ सालीं प्रथम भरले, आणि या खेळाचें तें मुख्य पीठच होऊन बसलें.

या खेळांत पिस्तूल एकाच हातानें धरावयाचें असतें. ५० यार्डांवरून दहा मिनिटांत दहा गोळ्या, ही संथ फेरी. नंतर २५ यार्डांवरून वीस सेकंदांत पांच, आणि शेवटीं दहा सेकंदांत पांच. दहा गुणांचें वर्तुळ सुमारें ३.४ इंच व्यासाचें, म्हणजे एखाद्या मोठ्या संत्र्याएवढें असतें. त्याच्या पोटांत फुलीची खूण असलेलें निम्म्या व्यासाचें आणखी एक वर्तुळ असतें. दोघांचे गुण सारखे झाले तर फुल्या मोजून निवाडा करतात.

काडतुसाचे भाग चार: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशीं ठिणगी पाडणारी केप, आंत दारू आणि तोंडाशीं गोळी. बार झाल्यावर पुंगळी जशीच्या तशी शिल्लक राहते, आणि चौघांत तीच महाग. ती पुनः मापांत दाबून घ्यावी, नवी केप बसवावी, दारू मापून घालावी, गोळी बसवावी, कीं काडतूस तयार. एकच पुंगळी अनेक वेळां कामास येते. बहुतेक जण काटकसर म्हणूनच या उद्योगाकडे वळतात. काटकसर कितपत होते हा प्रश्न निराळा. कारण स्वस्त पडूं लागलें कीं माणूस दुप्पट गोळ्या झाडूं लागतो.

पुढें लक्षांत येतें कीं, सैनिकी काडतूस या खेळास फारसें अनुकूल नाहीं. त्याची गोळी गोल नाकाची. ती कागद कापीत नाहीं, फाडते, आणि फाटक्या भोकाची कड नेमकी कोठवर आली हें ठरविणें परीक्षकास कठिण जातें. भोकाची कड वरच्या वर्तुळाच्या रेषेस नुसती शिवली तरी वरचे गुण मिळतात; त्यामुळें कड स्वच्छ असणें महत्त्वाचें. म्हणून १८५ किंवा २०० ग्रेन वजनाची, खांद्याशीं धारदार कड असलेली शिशाची गोळी लोकप्रिय झाली. सरकारी कागदांना भोकें पाडण्याचें यंत्र असतें ना, तसें वाटोळें भोक ती पाडते. शिवाय हलकी गोळी व बेताची दारू यांनीं धक्का कमी बसतो, आणि दहा सेकंदांत पांच वेळां नेम सांवरावयाचा असतां हा लाभ लहान नव्हे.

परंतु धक्का वाटेल तितका कमी करतां येत नाहीं. हें पिस्तूल धक्क्याच्याच बळावर चालतें. वरचा सरकता भाग मागें जातो, रिकामी पुंगळी बाहेर फेंकतो आणि परत येतांना नवें काडतूस नळींत ढकलतो. भरणी फार मऊ केली तर तो पुरता मागें जात नाहीं आणि पुंगळी मधेंच अडकते. मग आंतली स्प्रिंग हलकी बसवावी लागते. म्हणजे भरणी निवडणें हें दारूपुरतें राहत नाहीं. भरणी आणि स्प्रिंग यांचें लग्न लावावें लागतें. पुंगळीच्या ओठाचेंहि तसेंच. नळींत काडतूस किती आंत जाऊन थांबावें हें या जातींत त्या ओठावरून ठरतें. तो गोळीवर फार आंत वळवून दाबला तर हा टेकाच नाहींसा होतो. म्हणून त्यास नुसता निमुळता दाब देतात.

दारूची गोष्ट अधिक गंभीर आहे. अशा एका काडतुसास दारू लागते ती आपल्या मापानें अवघ्या दोन-तीन गुंजा. नेमकें प्रमाण दारूच्या कारखान्यानें छापलेल्या कोष्टकांतूनच घ्यावयाचें असतें, मित्राच्या तोंडून नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पिस्तुलांसाठीं वापरांत असलेली 'बुल्सआय' नांवाची दारू अशीच थोडक्यांत काम करणारी आहे. थोडक्यांत भागतें हा तिचा गुण, आणि तोच तिचा धोका. पुंगळीचा बराच भाग रिकामा राहत असल्यामुळें चुकून दोनदां दारू पडली तरी ती सहज मावते, गोळी बिनबोभाट बसते, आणि बार करतांना पिस्तूल फुटतें. कांहीं अनुभवी लोक मुद्दाम फुगीर दारू निवडतात. कारण ती दुसऱ्यांदा पडली तर पुंगळीबाहेर सांडून आपली चूक स्वतःच सांगते. पुंजाच्या रुंदीचा येथें कांहींच संबंध नाहीं, तरीहि आवड ठरविण्याचें हें कारण मला फार शहाणपणाचें वाटतें.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. रूढ रीत अशी: कोष्टकाच्या मर्यादेंत दारू थोडथोडी वाढवीत नेमबाज दहा निरनिराळ्या भरण्या करतो. प्रत्येकीच्या पांच गोळ्या झाडतो, आणि पांच भोकांपैकीं परस्परांपासून सर्वांत दूर असलेल्या दोहोंमधलें अंतर मोजतो. या पांच भोकांच्या समूहास आपण पुंज म्हणूं. ज्या भरणीचा पुंज सर्वांत लहान ती आवडती. तो कागद घडी करून खिशांत राहतो आणि वर्षभर मित्रांस दाखविला जातो.

या रीतींत गफलत कोठें आहे तें पाहा. समजा, त्या दहाहि भरण्या वस्तुतः एकाच गुणाच्या आहेत, आणि ५० यार्डांवर त्यांच्या पुंजांची सरासरी रुंदी दोन इंच आहे. तरीहि प्रत्येक पुंज दोन इंचांचा येणार नाहीं. पांच गोळ्या ही संख्याच इतकी लहान आहे कीं, सरासरीच्या सुमारें चतुर्थांश इतका चढउतार निव्वळ यदृच्छेनें होतो. दहा पुंज काढले तर त्यांतला सर्वांत लहान साधारणतः सव्वा इंचाच्या आसपास येईल, आणि सर्वांत मोठा पावणेतीन इंचांच्या. भरण्यांत कांहींहि फरक नसतांना! आमचा नेमबाज पहिलीस लाडकी ठरवितो व दुसरीस वाळींत टाकतो. पुढच्या रविवारीं लाडकी घेऊन जातो तों पुंज दोन इंचांचा येतो. मग दोष वाऱ्यावर जातो, उजेडावर जातो, रात्रीच्या जागरणावर जातो. मुळांत लाडकीनें पहिल्या दिवशीं विशेष कांहीं केलेंच नव्हतें. दहा सोडतींत एक नंबर लागला होता इतकेंच.

पांच गोळ्यांची दहा गोळ्यांशीं तुलना करणें हा आणखी एक घोटाळा. तेंच पिस्तूल, तीच भरणी. पण दहा गोळ्यांचा पुंज पांचांच्या पुंजाहून सरासरीनें सुमारें चतुर्थांशानें मोठाच येतो. जास्त गोळ्यांत एखादी बाजूस जाण्याचा संभव अधिक, हें उघड आहे. मित्राच्या पांचांच्या पुंजापुढें आपला दहांचा ठेवून खट्टू होणारे लोक पुष्कळ.

मग करावें काय? दहा भरण्यांवर पन्नास गोळ्या उधळण्याऐवजीं दोन-तीनच भरण्या घ्याव्या आणि प्रत्येकीचे दहा-दहा पुंज काढावे. तेहि एका भरणीचे सगळे आधीं असे नव्हे, तर आलटून पालटून, म्हणजे वारा व उजेड यांचा पक्षपात होणार नाहीं. दहा पुंजांची सरासरी घेतली म्हणजे मघांचा चतुर्थांशाचा चढउतार सुमारें तेराव्या हिश्श्यावर येतो. मनुष्याच्या हाताचा दोष वगळण्यासाठीं पिस्तुलाच्या मुठीच्या पट्ट्या काढून तें लोखंडी पकडींत बसवितात व तिच्यावरून बार करतात. पकड जाग्यावर स्थिर होईपर्यंतच्या पहिल्या कांहीं गोळ्या हिशेबांत धरावयाच्या नसतात. हें सारें कंटाळवाणें आहे खरें. खिशांत मिरविण्याजोगा एकहि कागद त्यांतून मिळत नाहीं.

आणि एवढें करून जो लाभ होतो तो किती असतो? एखाद्या बऱ्या नेमबाजाचा हात ५० यार्डांवर सहा इंचांचा पुंज देतो असें धरा, आणि त्याचें पिस्तूल पकडींतून अडीच इंचांचा. या दोन दोषांची सरळ बेरीज होत नाहीं. काटकोन त्रिकोणाच्या दोन भुजांवरून कर्ण काढावा तशी ती होते: सहा आणि अडीच यांचा कर्ण साडेसहा. आतां महिनाभर खटपट करून भरणी दोन इंचांवर आणली, तर कर्ण येतो सुमारें ६.३ इंच. महिन्याच्या श्रमाचें फळ एक पंचमांश इंचाहूनहि कमी! तोच महिना चाप हळुवार दाबण्याच्या सरावांत घालविला व हात सहावरून पांच इंचांवर आला, तर एकूण पुंज साडेपांच इंचांच्या सुमारास येतो. अव्वल दर्जाच्या मूठभर नेमबाजांची गोष्ट वेगळी. त्यांचा हातच पिस्तुलाइतका नेमका असतो, आणि तेथें अर्ध्या इंचानें फुल्यांची संख्या बदलते.

बाकीच्यांनीं आवडती भरणी निवडतांना पुंजाआधीं दुसरे प्रश्न विचारावे, असें माझें मत आहे. ती शेंकडों वेळां न अडकतां चालते काय? दहा सेकंदांच्या फेरींत एक पुंगळी अडकली तर तिच्यापायीं जितके गुण धोक्यांत येतात, तितके पाव इंचाच्या पुंजानें वर्षभरांत मिळत नाहींत. धक्क्यानंतर पिस्तूल दर खेपेस त्याच जागीं परत येतें काय? आणि दारूचा नवा डबा फोडला म्हणजे ती पुनः खालच्या प्रमाणापासून तपासून घेण्याचा उत्साह आपणांस उरतो काय? एकाच नांवाच्या दारूच्या दोन डब्यांतहि थोडा फरक असूं शकतो, म्हणून जाणते लोक डब्याचा क्रमांक वहींत टिपून ठेवतात.

आपल्याकडील नेमबाजांस भरणीचा प्रश्न बहुधा पडत नाहीं. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं २०१८ सालच्या आशियाई खेळांत २५ मीटर पिस्तुलाचें सुवर्णपदक मिळविलें. तो प्रकार बावीस बोअरचा. त्या काडतुसांत ठिणगीचें द्रव्य निराळ्या केपेंत नसून पुंगळीच्या कडेंतच भरलेलें असतें, त्यामुळें तीं पुनः भरतां येत नाहींत. पण कारखान्याच्या कोणत्या घाण्यांतील काडतुसें आपल्या नळीस मानवतात, हें पारखून घेण्याचा प्रघात तेथेंहि आहे. निरनिराळ्या घाण्यांचे नमुने आणून झाडून पाहतात आणि मग एकाच घाण्याचा वर्षभराचा सांठा घेऊन ठेवतात. त्या वेळीं पांच गोळ्यांच्या एका सुरेख पुंजावर भुलून पेट्यांची मागणी नोंदविण्यापूर्वीं त्याच घाण्याचे आणखी नऊ पुंज काढून पाहावे, आणि दोन घाण्यांच्या सरासरींत उघड फरक दिसला नाहीं, तर जो स्वस्त असेल तो खुशाल घ्यावा.