टॉवर आला, पण म्हाताऱ्यांचे काय?

बीडीडी चाळ म्हणजे १६० चौरस फुटांची खोली, एका चाळीत अशा ८०, आणि संडास सामाईक. वरळीत आमचे बालपण असेच गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये तेथील पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, त्याही मोफत. आनंदच आहे! पण आमच्या म्हाताऱ्या मावश्या? त्या पॅसेजमध्ये चटई टाकून बसत. कुणाला ताप आला तर अख्खा मजला जागा असे. चाळीस मजली टॉवरात दारे बंद. वर मेंटेनन्स! तुटपुंज्या पेन्शनीत तो कसा बसतो, हे आम्हा कारकुनांना कोणी सांगायला नको. सोसायटीच्या पहिल्याच सभेत आम्ही तळमजल्यावर ज्येष्ठांसाठी जागा मागणार आहोत. आणि वाचकहो, घराच्या कागदावर आईचे नाव आहे ना, ते आजच पाहून घ्या.