नवताऱ्याचे विषम कवच आणि चुंबकीय क्षेत्राचा वाटा

गुरुत्वाकर्षणाने घट्ट बांधलेला श्वेतबटू तारा हा जवळजवळ परिपूर्ण गोल असतो. अशा गोलाच्या पृष्ठावर स्फोट झाला, तर बाहेर फेकले जाणारे द्रव्य सर्व दिशांना सारखेच पसरावे, अशी स्वाभाविक अपेक्षा होते. प्रत्यक्षात मात्र नवताऱ्यांची कवचे बहुधा विषम आढळतात. ही विषमता ताऱ्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे येते काय, आणि येत असल्यास ती कोणत्या टप्प्यावर, या प्रश्नाचा विचार एका विशिष्ट उदाहरणाच्या आधारे केल्यास अधिक फलदायी ठरतो.

ते उदाहरण म्हणजे ययाति तारकासमूहातील नवतारा. २२ फेब्रुवारी १९०१ च्या पहाटे एडिंबरो येथे अँडरसन यांना तो प्रथम दिसला आणि दोन दिवसांच्या आत तो आकाशातील अतितेजस्वी ताऱ्यांच्या पंक्तीस जाऊन बसला. १९१६ साली बार्नार्ड यांना त्याच्याभोवती विस्तारणारे कवच आढळले. पुढे पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीने या कवचाचा वेध घेतला. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची ही दुर्बीण पुण्याचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र चालविते. तिची निरीक्षणे आणि दृश्य प्रकाशातील निरीक्षणे यांची सांगड घालून अनुपमा व कंठारिया यांनी २००५ साली या कवचाचा अभ्यास प्रसिद्ध केला.

प्रथम स्फोटाचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. श्वेतबटू आपल्या सहचर ताऱ्याकडून हायड्रोजनयुक्त वायू ओढून घेतो. त्याचा थर साचत जाऊन तळाशी दाब व तापमान पुरेसे वाढले, म्हणजे अणुकेंद्रीय ज्वलन अनावर होते आणि थर उधळला जातो. अतिनवताऱ्याच्या स्फोटात श्वेतबटू स्वतःच नष्ट होतो. येथे मात्र तो शाबूत राहतो.

या श्वेतबटूस चुंबकीय क्षेत्र आहे, याविषयी संशय उरलेला नाही. १९८५ साली त्याच्या क्ष-किरणांत ३५१ सेकंदांचे स्पंदन आढळले. याचा अर्थ असा की, सहचराकडून येणारा वायू ताऱ्यावर सर्वत्र सारखा पडत नाही. चुंबकीय बलरेषांच्या अनुरोधाने तो ध्रुवांनजीक उतरतो, आणि तारा स्वतःभोवती फिरत असल्याने ते तप्त प्रदेश आळीपाळीने आपल्यासमोर येतात.

यावरून स्फोटही ध्रुवांवरच होत असेल, असे अनुमान काढण्याचा मोह होतो. परंतु साध्या गणिताने तो आवरावा लागतो. चुंबकीय दाब हा क्षेत्रतीव्रतेच्या वर्गास ८π ने भागून मिळतो. क्षेत्र दहा लाख गाऊस धरल्यास हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे चार हजार कोटी डाइन येतो. उलटपक्षी, प्रज्वलनाच्या वेळी थराच्या तळाशी असलेला दाब किमान दहाच्या एकोणिसाव्या घाताइतका असतो. तो दाब पेलण्यास दीड हजार कोटी गाऊसहून अधिक तीव्रतेचे क्षेत्र लागेल. श्वेतबटूंवर मोजलेली अत्युच्च क्षेत्रे मात्र शंभर कोटी गाऊसच्या आसपास आहेत. सबब ध्रुवांवर उतरलेले द्रव्य थोड्याच खोलीवर बाजूंना पसरते, आणि प्रज्वलनाला कोंडून ठेवणे चुंबकीय क्षेत्राच्या आवाक्याबाहेरचे राहते.

स्फोटानंतरही क्षेत्राची पकड मर्यादितच असते. द्विध्रुवी क्षेत्र अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात क्षीण होते. म्हणजे दसपट अंतरावर त्याचा दाब दहा लाख पटींनी घटतो. मात्र स्फोटाचा मुख्य भर ओसरून वायूचा ओघ विरळ झाला, म्हणजे पृष्ठानजीक क्षेत्र वरचढ ठरू शकते आणि त्या वायूला दिशा देऊ शकते. शिवाय फुगलेल्या थरात सहचर तारा सापडून तो ढवळला जातो. त्यामुळेही विषमता उत्पन्न होते, आणि तिचा चुंबकत्वाशी काही संबंध नसतो.

खोडदच्या निरीक्षणांचे महत्त्व येथे स्पष्ट होते. या कवचाचे रेडिओ प्रारण उष्णतेमुळे उत्पन्न झालेले नाही. ते सिंक्रोट्रॉन प्रकारचे आहे; म्हणजे प्रकाशाच्या वेगाजवळ पोहोचलेले इलेक्ट्रॉन चुंबकीय बलरेषांभोवती फिरत असताना ते निघते, आणि कमी वारंवारतांवर ते अधिक प्रखर असते. कवचाची नैर्ऋत्य बाजू या प्रारणात विशेष उजळ दिसते. परंतु तेथील चुंबकीय क्षेत्र श्वेतबटूचे नव्हे. वेगाने निघालेले द्रव्य सभोवतीच्या वायूवर आदळते, तेव्हा आघाततरंगात त्या वायूतील क्षेत्र दाबले जाऊन वाढते. नैर्ऋत्येस सभोवतीचे द्रव्य अधिक दाट असावे, म्हणून ती बाजू उजळते. हे द्रव्य त्याच ताऱ्याने पुरातन काळी टाकलेल्या बिंबाभ्रिकेचे अवशेष असावे, असे मानले जाते.

तात्पर्य, या एका कवचामागे दोन भिन्न चुंबकीय क्षेत्रे उभी आहेत. पहिले श्वेतबटूचे, ते पडणाऱ्या वायूला ध्रुवांकडे नेते, पण प्रज्वलनापुढे दुबळे ठरते. दुसरे सभोवतीच्या माध्यमाचे. ते स्फोट घडवीत नाही, परंतु स्फोटाची विषमता आपल्या दृष्टीस आणते. रेडिओ चित्रात दिसणारी विषमता हा ताऱ्याच्या चुंबकत्वाचा पुरावा समजणे म्हणजे या दोहोंची गल्लत करणे होय. फेकल्या गेलेल्या द्रव्यगाठींचे वेग आणि दिशा स्वतंत्रपणे मोजून सभोवतीच्या माध्यमाचा परिणाम वजा केल्यावर जी विषमता शिल्लक राहील, तिचेच कारण ताऱ्याजवळ शोधणे युक्त ठरेल.