अळीचं माहेर

"ताई, ही कुठली अळी? औषधाला अजिबात दाद देईना बघा!" २०१९च्या पावसाळ्यात बचत गटाच्या बैठकीत एका मैत्रिणीने माझ्यासमोर काडेपेटी उघडली. मक्याच्या पोंग्यातली अळी होती. दुकानदाराने खोडकिडा समजून औषध दिलं. दोन फवारण्या झाल्या, गटाकडून घेतलेलं कर्ज त्यातच संपलं. मी पडले कला शाखेची! शेवटी कृषी सहायकांनी अळीच्या डोक्यावरचा उलटा इंग्रजी 'वाय' आणि शेपटीकडचे चौकोनातले चार ठिपके दाखवले. ही अमेरिकन लष्करी अळी.

मोठी झाली होती म्हणून ओळखू तरी आली. अंडी किंवा नुकती निघालेली अळी असली, की भलेभले चकतात. आणि औषध लागू पडतं ते ती लहान असतानाच! अशा वेळी शास्त्रज्ञ 'डीएनए बारकोडिंग' करतात. दुकानात साबणावरच्या काळ्या रेघा यंत्राला दाखवल्या की वस्तूचं नाव कळतं ना, तसंच काहीसं. अळीचा इवलासा तुकडा घेऊन तिच्या एका ठरावीक जनुकातली साडेसहाशेच्या आसपास अक्षरं वाचायची आणि साठवलेल्या नोंदींशी ताडून पाहायची. पायाचा तुकडा, एखादं अंडंही पुरतं. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये ही पद्धत मांडली.

ही अळी मूळची अमेरिका खंडातली. २०१६ मध्ये आफ्रिकेत दिसली आणि मे २०१८ मध्ये आपल्याकडे, कर्नाटकात शिवमोग्याच्या मक्यावर. नवी पाहुणी कोण, हे ठरवताना जनुकाचीही साक्ष काढली गेली.

यातली मला भावलेली गोष्ट वेगळीच. हे जनुक पिल्लाला फक्त आईकडून मिळतं! म्हणजे बारकोड सांगतो ते आईचं घराणं. त्यामुळे फसगतही होते. या अळीचे 'भाताची' आणि 'मक्याची' असे दोन गट मानतात. आपल्याकडच्या पुष्कळ अळ्यांचा बारकोड भाताच्या गटाचा निघाला, आणि खात होत्या मका! बापाकडची बाजू कळायला दुसरं जनुक तपासावं लागतं.

मी हे सगळं हौसेने गटात सांगितलं. मैत्रीण शांतपणे म्हणाली, "ताई, तपासून नाव येईस्तोवर मका राहील का?"

तालुक्याला ही सोय नव्हती. मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सहाजणी तिच्या शेतात पानं उलटून अंड्यांचे पुंजके चिरडत होतो.